उलटा शिवलेला रुपया

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते सक्रीबाईचं. ती माझ्या थोरल्या काकाची बायको. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून आम्ही भावंडं तिला मोठी याडी म्हणायचो आणि जन्म देणारीला नुसती याडी. काका साप चावून लवकर गेले, तिला मूलबाळ नव्हतं, आणि आमच्या घराचा कारभार तिच्याकडे होता. माझे बा तिच्यापुढे मान वर करून बोलत नसत. मारेगावकडे आमचा तांडा, आणि शाळा शेजारच्या गावात. माझं नाव घालायला ती मला घेऊन गेली तेव्हा हेडमास्तर म्हणाले, जन्माचा दाखला नाही, पुढच्या वर्षी बघू. ती बाहेर आली. शाळेच्या पायरीवर बसली. अंगात आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, गळ्यात चांदीच्या रुपयांचा हार, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बलोया. माशी हाकलायला हात उचलला की सगळं एकदम वाजायचं आणि वर्गातली पोरं फळा सोडून दाराकडे बघायची. प्रार्थनेला बसलेली ती दुपारच्या सुट्टीनंतरही तिथेच होती. शेवटी हेडमास्तर बाहेर आले. "बाई, तुम्ही उठा, मी लिहितो नाव." ती म्हणाली, "पयले लिवा, मंग उठते." अशा रीतीनं मी शाळेत गेलो, आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. पुढं जे काही झालं त्याला ती पायरी कारण आहे.

घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायचो. इथं मी ते बोलणं वऱ्हाडीत लिहितो आहे, कारण वाचणाऱ्याला ते जवळचं पडेल. आमच्या घराचा आवाज म्हणजे चांदीचा आवाज. सकाळी जाग यायची ती याडी चुलीपुढे बसून बाटी थापत असायची तेव्हा. बाटी म्हणजे आमची ज्वारीची भाकर. थाप, मग कांचळीवरच्या नाण्यांची किणकिण, पुन्हा थाप. पाठोपाठ मोठ्या याडीचा हार अंगणात वाजायचा, जरा जड आवाजात, कारण तिचे सगळे रुपये एकाच दोरात होते आणि एकमेकांवर आपटायचे. डोळे न उघडता मला कळायचं, कोण कुठं आहे. अंबाडीची भाजी, लसूण-मिरचीचा ठेचा, ताक असेल तर कढी. मोठी याडी जेवताना हार पाठीवर टाकायची. तिच्या हारातल्या प्रत्येक राणीछाप रुपयाचं तोंड आत, छातीकडे होतं, आणि पानाफुलांची बाजू बाहेर. तांड्यात इतर बायका राणी बाहेर ठेवायच्या. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "राणी माही हाय. ते मले पाहीन, लोकायले कायले पाहीन?"

आणि याडीच्या कांचळीवर एक रुपया उलटा होता. डाव्या काखेखाली, जिथं हात खाली असला की तो दिसायचाच नाही. बाकीच्या नाण्यांवर राणी बाहेर, याच्यावर आत. लहानपणी मला वाटायचं, शिवताना चुकलं असेल. मग एकदा भाजी करपली आणि मोठी याडी चुलीपाशी येऊन म्हणाली, "खोट्या रुपयाची, दुसरं काय होईन हिच्या हातून!" याडीनं डावा हात अंगाशी घट्ट धरला. त्या दिवशी मला समजलं की तो रुपया चुकून उलटा शिवलेला नाही.

ती हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. याडी नवरी होऊन आली तेव्हा रिवाजाप्रमाणे तिचे कपडे आणि दागिने घोंगडीवर मांडले, आणि सासरच्या बायका एकेक नाणं हातात घेऊन बघू लागल्या. मोठी याडी तेव्हा घरातली तरुण थोरली सून. तिच्या नजरेचा तिला मोठा अभिमान. रानात पाखरू बसलं तर ती लांबून सांगायची नर की मादी. तिनं एक रुपया उचलला आणि म्हणाली, "याच्यावरचे अक्षरं दोन-दोनदा हायेत. हा खोटा." माझ्या आजीनं तो दगडावर वाजवला. म्हणाली, "वाजते तं खरा." त्यावर मोठी याडी म्हणाली, "आजकाल खोटेबी वाजतेत." बायका हसल्या. लग्नघरातलं हसू थांबवायला कोणाला वेळ असतो? पण माझ्या आईचा बाप तिथं होता. त्यानं आपल्या हातानं पोरीला दिलेली चांदी खोटी ठरली होती. तो हातातला पाण्याचा गडवा खाली ठेवून उठला, आणि त्यानंतर त्या घरातल्या कोणीही आमच्याकडे पाणी प्यायलं नाही. मामा यायचा, पण तांड्याच्या कडेच्या निंबाखाली थांबायचा. याडी तिथं जायची, भाऊ-बहीण उभ्यानं बोलायची, आणि तो तसाच परत जायचा. बाटी बांधून नेली तर म्हणायचा, "घरी जाऊन खाईन." मी त्या निंबाखाली उभं राहून मोठा झालो. मामाला घरात का आणत नाही, हे मी कोणाला विचारलं नाही.

बी. ए. झालो आणि घरी येऊन बसलो. अर्ज ठिकठिकाणी टाकले होते. कापूस वेचायला जायचो, पण अर्ध्या तासात ओळ सोडून बांधावर उभा राहायचो आणि रस्त्याकडे बघायचो, पोस्टमन दिसतो का. "याच्या पायात भोवरा हाय," बा म्हणायचे. शिकलेला माणूस रानात नीट बसत नाही आणि गावातही नाही, हे मला तेव्हा कळलं. आजही रिकामा वेळ मला सोसत नाही. मुलगी म्हणते, बाबा, रिटायर झालात ना, मग बसा की. बसतो, पण पाय हलत राहतो.

त्या पायांनाच काम म्हणून मी वणीला जाऊ लागलो. कॉलेजातले इतिहासाचे गोहोकार सर मला मानायचे. कोणा गृहस्थाच्या मागं त्याच्या बायकोनं नाण्यांनी भरलेली पत्र्याची पेटी कॉलेजला दिली होती आणि ती लावायची होती. सर म्हणाले, "तू ये. तुझ्या हातांना नाण्यांची सवय आहे." खरंच होती. बाहेरून कोळशाचे ट्रक जायचे, खिडकीची काच थरथरायची, आणि मी भिंगातून एकेक नाणं बघत बसायचो. पेटीत एक कापडी पिशवी वेगळी होती. वर शाईनं लिहिलेलं: संशयित. ती उघडली आणि एकेक नाणं भिंगाखाली धरलं. त्यातल्या काही नाण्यांवर अक्षरं दोन-दोनदा होती.

सरांनाही नीट माहीत नव्हतं. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ टांकसाळीत ठसे करण्याच्या कामावर राहून निवृत्त झाले होते. त्यांना सरांनी पत्रानं विचारलं. त्यांचं सविस्तर उत्तर आलं. नाणं ज्या ठशानं उमटतं तो ठसा स्वतः दुसऱ्या, मूळ ठशानं दाबून करतात. एका दाबात चित्र पूर्ण उतरत नाही, म्हणून पुन्हा दाबतात. दोन दाबांच्या मध्ये ठसा केसभर जरी सरकला तरी अक्षर शेजारी-शेजारी दोनदा बसतं. मग त्या ठशातून निघणारं प्रत्येक नाणं तसंच निघतं. नाणं अस्सल, चांदी अस्सल, फक्त ठशाचं अक्षर दुहेरी. त्यांनी एक सावधगिरीही सांगितली होती. कधी कधी नाणं पाडताना यंत्राला धक्का बसतो आणि अक्षराशेजारी सपाट पायरीसारखं काही उमटतं; ते वेगळं. खऱ्या दुहेरी अक्षराची टोकं सापाच्या जिभेसारखी फाटलेली असतात. हे कळल्यावर मी पेटी पहिल्यापासून पुन्हा पाहिली. संशयित पिशवीतली नाणी तर निघालीच, पण चांगली म्हणून ठेवलेल्या पुड्यांतही एक तांब्याचं नाणं आणि एक दोन आण्याचं नाणं तसंच निघालं. ती कितीतरी हातांतून गेली असतील. कोणाला दिसली नव्हती, म्हणून ती खरी राहिली. ज्यांचं दुहेरीपण कोणाच्या तरी तीक्ष्ण नजरेला दिसलं, तीच बिचारी खोटी ठरली.

सरांकडून भिंग मागून मी घरी आलो. याडी गोवऱ्या थापत होती. म्हटलं, हात वर कर. तिनं विचारलं नाही कायले. शेणाचा हात लांब धरून उभी राहिली आणि मी काखेखालचा रुपया उलटवून पाहिला. राणीच्या डोक्यामागं एम्प्रेस असा शब्द आहे. त्यातले शेवटचे दोन एस, प्रत्येकाची दोन्ही टोकं फाटलेली. सापाची जीभ. "काय दिसलं?" तिनं विचारलं. "खरा हाय," मी म्हणालो. ती हसली नाही, रडली नाही. "मले माहीत हाय," म्हणाली आणि पुन्हा गोवरीकडे वळली. "माह्या बापानं खोटं नसतं देल्लं."

पण माझं म्हणणं तांड्यात कोण ऐकणार होतं? पोरगा आईची बाजू घेतो, एवढंच झालं असतं. आमच्या तांड्याच्या पंचायतीला नसाब म्हणतात. तिथं एकट्याच्या शब्दाला किंमत नाही. दुसरा साक्षीदार उभा करावा लागतो. त्याच ठशातला दुसरा रुपया मला हवा होता. वणीच्या पेटीत तो नव्हता. मी मारेगावच्या सोनारांकडे बसू लागलो, बाजारात बायकांच्या गळ्याकडे बघू लागलो, आणि एकदा एका बाईच्या नवऱ्यानं मला त्यावरून चांगलंच सुनावलं. काय सांगणार त्याला, की मी बाई नाही, राणी बघतोय?

दिवाळी आली. दिवाळीच्या आधी आमच्याकडे चांदी घासतात. चिंचेचं पाणी आणि राख. मोठ्या याडीच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. ती अंगणात उन्हाला बसली, हार काढून माझ्यापुढं टाकला आणि म्हणाली, "तू घास. पोरीयच्या हातात जोर नाही." मी एकेक रुपया चोळू लागलो. आतली बाजू तिच्या अंगाच्या घामानं काळपट झालेली. हाराच्या मधोमधचा एक रुपया घासला, राणीचं नाक वर आलं, मग शब्द, आणि शब्दाच्या शेवटी दोन एस. मी खिशातून भिंग काढलं. टोकं फाटलेली. दोघांचा कल तोच, खालच्या एसजवळ एक बारीक ठिपका होता तोही तोच. याडीचा रुपया मी इतक्यांदा पाहिला होता की तो मला पाठ होता. हा तोच होता. तीच राणी, त्याच ठशातली, आणि आयुष्यभर मोठ्या याडीच्या छातीशी तोंड लपवून बसलेली.

"काय पाहून राह्यला रे इतका?" मोठी याडी म्हणाली. "रुपया हाय तो, पोरगी नाही."

शेजारच्या बायका हसल्या. मीही हसलो. हार घासून तिच्या गळ्यात घातला. माझे हात चिंचेनं झोंबत होते.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. कापसात उभं राहवेना, ओसरीवर बसवेना. बंधाऱ्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. लापशी तोंडात फिरायची. सरांना सांगितलं तर ते खूश झाले. "अरे, मग सिद्ध झालं! सांगून टाक सरळ." सर भले होते, पण त्यांनी आमचं अंगण पाहिलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर सांगायचं, मोठे याडी, तुझाही रुपया तसाच आहे? जिनं पायरीवर बसून मला शाळेत घातलं, तिला म्हाताऱ्या वयात त्याच घोंगडीवर बसवायचं, जिच्यावर तिनं माझ्या आईला बसवलं होतं?

शेवटी मी याडीला शेतात सांगितलं. वाटलं होतं, तिला आनंद होईल. तिच्या कमरेच्या ओट्यातला कापूस खाली सांडला.

"कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाही."

"मंग सांगूबी नोको." ती खाली बसून कापूस वेचू लागली. "लोकं काय म्हनतीन, ठाव हाय? म्हनतीन, हिचाबी खोटा न् तिचाबी खोटा. माहा त आहेच. मले सवय झाली. तिले या वयात कोण सांभाळीन?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साक्षीदार सापडला म्हणजे आरोपी सुटतो, हे पुस्तकातलं. तांड्यात साक्षीदारही आरोपीशेजारी बसवला गेला असता. "आन् मामा?" मी विचारलं. "तो निंबाखालीच राहीन काय जन्मभर?" याडी कापूस वेचतच राहिली. ओळीच्या टोकापर्यंत ती वाकूनच गेली.

सोनाराकडे दोन्ही रुपयांचं वजन करून मी स्वतःची खात्री करून घेतली. याडीचा तिनं उसवून दिला. मोठ्या याडीचा हार तुटत आला होता, दोर बदलायच्या निमित्तानं तो मी नेला होता. दोन्ही पारडी सारखी. वरची कडी वेगळ्या सोनारांनी डाख देऊन बसवलेली, तरी काट्यानं मान हलवली नाही. मग याडीचा रुपया तिनं पुन्हा काखेखाली, पुन्हा उलटा शिवला. मी सुईत दोरा ओवून दिला.

दिवाळी सरल्यावर नाशिककडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक म्हणून माझी नेमणूक झाली. निघताना मोठी याडी बसपर्यंत आली. काठी टेकत, कारण तिला आता रस्ता धुरकट दिसायचा. तिनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "काही सांगाचं राह्यलं काय रे? दिवाळीपासून तू चूप हायेस." मी नाही म्हणालो. बस कळंबपर्यंत पोचली तरी मी मागेच बघत होतो.

नव्या गावात खोली मिळाली, पगार सुरू झाला, पण मन लागेना. पुस्तकांवर शिक्के मारायचं काम माझ्याकडे होतं. एकदा एका पुस्तकावर शिक्का मारताना हात हलला आणि कॉलेजचं नाव दुहेरी उमटलं. मी किती वेळ त्याकडे बघत बसलो कोण जाणे. त्या संध्याकाळी पत्र लिहायला बसलो. पण आमच्याकडे पत्र एकट्याचं नसतं. माझी धाकटी बहीण ललिता ते ओसरीवर उभी राहून वाचणार, वाचता वाचता मराठीचं गोरबोलीत करणार, आणि पोस्टमन तांड्यात शिरला म्हणजे निम्मा तांडा ऐकायला येणार. म्हणजे जे लिहीन ते अंगणात बोलल्यासारखंच. मी लिहायचो आणि फाडायचो. सगळं लिहिलं तर मोठी याडी उघडी पडते. काहीच नाही लिहिलं तर याडीचा हात जन्मभर अंगाशी. एके दिवशी लक्षात आलं की मी उलट्या बाजूनं धरलं होतं. याडीच्या रुपयापासून सुरुवात केली तर दोन्ही खोटे ठरतात. मोठ्या याडीच्या रुपयापासून सुरुवात करायला हवी.

होळीला मी गावी गेलो. आमच्यात होळी दिवाळीहून मोठी. तांड्यात शिरताना सवयीनं निंबाकडे पाहिलं. खाली कोणी नव्हतं. मामा ओसरीवर मांडी घालून बसला होता, आणि मोठी याडी त्याच्या ताटात दुसरी बाटी टाकत होती. "खा, खा," ती म्हणत होती, "इतके वर्साची बाकी हाय." पत्राबद्दल ती तेव्हा बोलली नाही, नंतरही कधी नाही. आज ती नाही, याडीही नाही. हे लिहिताना माझ्यापुढं टेबलावर दोन रुपये आहेत, एकाच लाल दोऱ्यात ओवलेले. दोन्हींची राणी बाहेर. ते तसे कोणी ओवले हे मी पाहिलं नाही. मला ते तसेच मिळाले.

पत्राचा कच्चा कागद माझ्याजवळ राहिला होता. तो इथं उतरवतो.

*ती. मोठ्या याडीस,*

*पाया पडतो. मी इथं बरा आहे. भाकर पातळ मिळते, पण मिळते. ललिता, हे हळू वाच, आणि याडीला मोठ्या याडीच्या शेजारी बसव.*

*मोठे याडी, तू बसजवळ विचारलंस, सांगायचं काही राहिलं का. राहिलं होतं. दिवाळीत तुझा हार घासताना मला त्यात एक फार दुर्मिळ रुपया दिसला. हाराच्या अगदी मधला. तुझ्या गळ्यातली चांदी अस्सल आहे, हे तांड्यातल्या लेकरालाही माहीत आहे, ते मी काय सांगावं. त्या रुपयावर अक्षरं दोनदा उमटली आहेत. टांकसाळीत काम केलेल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, विटांचा साचा करताना त्यावरचं नाव चुकून दोनदा कोरलं तर त्या साच्यातली प्रत्येक वीट तशीच निघते. वीट पक्कीच असते. असे रुपये थोडे असतात आणि ओळखायला नजर लागते. तुझी नजर तेवढी होती. अक्षरं दुहेरी आहेत हे आपल्या घरात सगळ्यात आधी तूच पाहिलंस. ती खरंच दुहेरी आहेत.*

*त्याच साच्यातला दुसरा रुपया मी पुष्कळ शोधला. वणीत नाही, मारेगावात नाही. तो आपल्याच घरात निघाला. याडीच्या काखेखाली. एका साच्यातले दोघं, एक थोरल्या सुनेबरोबर आला, एक धाकटीबरोबर. नसाबात एकाच्या शब्दाला दुसऱ्याची साक्ष लागते. याडीच्या रुपयाला इतकी वर्षं साक्षीदार नव्हता. तो तुझ्या गळ्यात होता. तुझा खरा आहे, म्हणून तिचाही खरा आहे.*

*माझ्यावर विश्वास ठेवू नको. पोरगा आईचं बोलतो असं कोणी म्हणेल. तूच पाहा. डोळ्यांना आता धुरकट दिसतं, पण तुझे कान अजून पक्के आहेत. याडीचा रुपया उसवून घे, तुझा दोरातून सोड, आणि ओसरीच्या दगडावर दोन्ही वाजव. आधी तुझा. मग तिचा.*

*होळीला येतो. मामालाही बोलाव. तू बोलावलंस तर तो येईल.*

*तुझा,*
*तू पायरीवर बसून शाळेत घातलेला*
*प्रकाश*